दोनपासून ऐका

माझ्या मामानं सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकदाच न ऐकता सही केली. त्या सहीनं अकराशे चाळीस तबकड्या कापायच्या यंत्रात गेल्या आणि त्यांच्यातले आवाजही गेले. लोक म्हणतात, झालं गेलं, आता किती उगाळायचं. मी उगाळणार. राग निवू नये म्हणूनच तर हे लिहायला बसलेय.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठीच्या वाचनालयात तो तबकड्यांच्या, म्हणजे सीडींच्या, विभागात होता. विभाग कसला, जिन्याखालची एक खोली. दोन कॉम्प्युटर, चार लोखंडी रॅक, एक पाय लुळा झालेलं टेबल आणि मामा. शेजारी गाद्या ठोकून आवाजबंद केलेली दुसरी खोली होती. तिथं हौशी माणसं येऊन माइकसमोर पुस्तकं वाचायची. ते वाचन तबकडीवर चढवायचं, एक मूळ प्रत रॅकमध्ये ठेवायची, दुसरी फिरती प्रत वाचकांना द्यायची, परत आली की मऊ फडक्यानं आतून बाहेर पुसायची, हे सगळं मामा करायचा. गोल गोल पुसलेली त्याला चालायची नाही. कोणी तशी पुसताना दिसलं की तो हातातून तबकडी हिसकावून घ्यायचा.

राग आमच्या घराण्यात आईकडून येतो. मामाकडे तो जरा जास्तच वाटला गेला होता. एकदा ऑफिसातल्या कारकुनानं हौसेनं एक प्रत काढली. त्यानं तबकडीची प्रतिमा, म्हणजे अख्खी तबकडी जिच्यात उतरवलेली असते ती फाइल, उचलली आणि जशीच्या तशी कोऱ्या तबकडीवर टाकली. वाचकाच्या यंत्रात ती चालेना. मामा त्याच्यावर असा उखडला की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. "अरे, ती गुंडाळी आहे! ती उलगडून तबकडीवर चढवायची असते. तू गुंडाळीच पाकिटात घालून पाठवलीस. मिळालेल्या माणसानं काय चघळायची का?" कारकुनानं नंतर महिनाभर त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. पण तो पुन्हा कधी चुकलाही नाही.

माझं ऑफिस दोन इमारती सोडून. दुपारी तीनला मी मामाकडे चहाला जायची. तबकड्यांचं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मामा समोरच्याला कळेपर्यंत सोडत नसे. त्याच्या तबकड्या मिश्र होत्या. पहिल्या ट्रॅकमध्ये मजकूर असायचा: धड्यांची यादी, कुठलं पान कुठल्या ट्रॅकवर आहे ते. ज्यांच्याकडे बोलणारा कॉम्प्युटर असेल त्यांच्यासाठी. दुसऱ्या ट्रॅकपासून पुढं वाचन, साध्या प्लेअरवरही वाजेल असं. साध्या प्लेअरवर पहिला ट्रॅक लावला तर मात्र नुसती खरखर येई. म्हणून मामानं प्रत्येक डबीवर ब्रेलमध्ये एक पट्टी चिकटवली होती, 'दोनपासून ऐका'. अकराशे चाळीस पट्ट्या, सगळ्या त्याच्या हातच्या.

"प्रतिमेचे हे दोन प्रकार, आयएसओ आणि बिन, यांत फरक काय?" मी एकदा विचारलं आणि माझा चहा गार झाला.

"आयएसओमध्ये फाइली येतात. नीट, मांडून ठेवलेल्या. पण गाण्याच्या तबकडीवर आवाज फाइल म्हणून नसतोच. तो सलग ओतलेला असतो. कुठं सुरू झाला त्याची तेवढी खूण असते. आयएसओ त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. बिन सगळं उचलतं, जसंच्या तसं. आणि बिनच्या शेजारी एक चिमुकली क्यू फाइल असते, ट्रॅक कुठं सुरू होतो हे सांगणारी चिठ्ठी. ती हरवली की बिन म्हणजे घरांवरचे नंबर पुसून टाकलेली गल्ली."

"मग सगळे बिनच का नाही वापरत?"

"नुसत्या फाइली असतील तर आयएसओ उत्तमच आहे. मी आयएसओला कधी शिव्या दिल्यात? मी माणसांना देतो."

त्याची एक पद्धत होती. प्रत काढून झाली की तो कानाला हेडफोन लावायचा आणि तबकडीचं पहिलं मिनिट, मधलं एक मिनिट आणि शेवटचं मिनिट ऐकायचा. डोळे मिटून. मगच रजिस्टरात सही. पेन इतकं दाबायचा की खालच्या पानावरही ती उमटायची. या सगळ्या तबकड्यांच्या प्रतिमा बिनमध्ये काढून ठेवायला मोठी हार्ड डिस्क हवी, असा अर्ज त्यानं नऊ वेळा केला. नऊही वेळा उत्तर आलं, तरतूद नाही. त्याच वर्षी ग्रंथपालबाईंच्या खोलीतले पडदे दोनदा बदलले.

मग नवे संगणक अधिकारी आले. मामानं पहिल्याच दिवशी त्यांचं नाव झटपटराव ठेवलं, कारण कुठल्याही कामाला ते "झटपट करून टाकू" म्हणायचे. माणूस वाईट नव्हता असं सगळे सांगतात. असेलही. मला तेवढा मोठेपणा नाही. त्यांनी ठरवलं की सगळ्या तबकड्या प्रतिमा काढून जपायच्या आणि रॅकची जागा रिकामी करायची. इथपर्यंत ठीक. पण त्यांनी ठरवलं, आयएसओ.

त्या बैठकीत मामा उभा राहिला आणि म्हणाला, "या तबकड्यांत आवाज आहे. आयएसओत तो येणार नाही. बिन-क्यू घ्या."

झटपटराव हसले. "काका, तुमचं बिन आता मागं पडलं. आयएसओ जगभर चालतं. जरा काळाबरोबर चला."

बाकीचेही हसले. ग्रंथपालबाईंनी घड्याळ बघितलं. आणि मामानं तेच केलं जे आमच्या घरात सगळे रागावल्यावर करतात. एका मर्यादेपर्यंत आम्ही ओरडतो. ती ओलांडली की गप्प होतो आणि समोरचा म्हणेल ते मुद्दाम मुकाट करतो, त्याचं त्याला कळावं म्हणून. "तुमचंच खरं," मामा म्हणाला, "करा काय करायचं ते." आठवड्यानं तेवीस पानी यादी त्याच्या टेबलावर आली. 'प्रतिमा तपासल्या, तबकड्या नष्ट करण्यास हरकत नाही.' खाली दोन सह्यांची जागा. एक झटपटरावांची झालेली होती. मामानं हेडफोनला हात लावला नाही. तेवीस पानांवर तेवीस सह्या ठोकल्या, पंधरा दिवसांची रजा टाकली आणि घरी जाऊन तोंड भिंतीकडे करून पडला.

चार दिवस यंत्र चाललं; मूळ प्रतींबरोबर परत आलेल्या फिरत्या प्रतीही त्यात गेल्या. शिपाई सांगतो, कापलेल्या तुकड्यांची अकरा पोती भरली. पाचव्या दिवशी छोटासा समारंभ झाला. झटपटरावांनी किल्लीच्या जुडग्याला लावलेला बोटाएवढा पेन ड्राइव्ह वर धरला आणि म्हणाले, "अख्खं वाचनालय माझ्या खिशात!" टाळ्या पडल्या. अकराशे चाळीस तबकड्या त्या बोटभर तुकड्यात कशा मावल्या, असं एकाही शहाण्याला वाटलं नाही. मामा तिथं असता तर त्याच क्षणी किंचाळला असता. पण मामा रुसून बसला होता.

रजेवरून तो परत आला त्या दिवशी तीन वाजता मी तिथंच होते. फोन वाजला. पलीकडे वकीलबाई. त्या वकील नव्हत्या, एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या. वय पंचेचाळीसच्या पुढे, जन्मापासून दिसत नाही. पूर्वी एकदा तबकडी एक दिवस उशिरा आली म्हणून मामानं दंड सांगितला, तर त्यांनी वाचनालयाची नियमावली तोंडपाठ म्हणून दाखवून दंड रद्द करून घेतला. तेव्हापासून मामा त्यांना वकीलबाई म्हणायचा. एकदा त्या म्हणाल्या, "तुम्ही इतकं म्हणताच आहात तर होऊनच बघते." आणि खरंच कायद्याच्या वर्गाला बसल्या. शेवटच्या परीक्षेला सहा आठवडे उरले होते. त्यांचं मुख्य पुस्तक एकोणीस तबकड्यांचं होतं. एका निवृत्त शिक्षिकेनं आठ महिने येऊन ते वाचलं होतं. त्या शिक्षिकाबाई आता हयात नाहीत. पहिल्या सहा तबकड्या मामानं मूळ प्रतीवरून काढून दिल्या होत्या, त्या वकीलबाईंनी ऐकून वेळेवर परत केल्या होत्या. सातवी त्यांना सकाळीच शिपायाच्या हाती पाठवली होती, नव्या पद्धतीनं पेन ड्राइव्हवरच्या प्रतिमेतून चढवलेली.

मामानं फोन स्पीकरवर टाकला.

"मामा, डबीवर पट्टी आहे दोनपासून ऐका म्हणून. यात दोन आहेच कुठं? एकच ट्रॅक आहे आणि त्यात खरखर."

मामानं कॉम्प्युटरवर सातव्या तबकडीची प्रतिमा शोधली आणि फाइल केवढी आहे ते बघितलं. दोन एमबी. सातशेच्या जवळपास हवी होती. आठवी बघितली, दोन एमबी. नववी, दोन. मग तो भराभर खाली जात राहिला आणि प्रत्येक ओळीला त्याचा चेहरा उतरत गेला. सगळीकडे नुसत्या याद्या होत्या. धड्यांची नावं होती, पानांचे आकडे होते, आणि वाचनाचं एक वाक्यही नव्हतं.

"वकीलबाई, मी नंतर फोन करतो," एवढं म्हणून तो उठला. मी मागोमाग.

झटपटराव शांतपणे म्हणाले, "पण फाइल उघडते ना? मी स्वतः प्रत्येक उघडून बघितली आहे. ही बघा, यादी दिसते."

"दिसते!" मामा ओरडला. "यादी दिसते! कुणासाठी आहे हे वाचनालय? अकराशे चाळीस वेळा डोळे फाडून बघितलंत आणि एकदा, एकदा कान लावला नाहीत? स्पीकर काय शोभेला ठेवलेत?"

"काका, तुमची सही आहे त्यावर."

मला झटपटरावांचा गळा धरावासा वाटला, खोटं कशाला बोलू. पण ते म्हणाले ते खरं होतं, आणि माझा अर्धा राग तिथंच फिरून मामावर गेला. तुला माहीत होतं, मामा. त्या इमारतीत एकट्या तुला माहीत होतं.

ग्रंथपालबाईंनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. काम यशस्वी झाल्याचा अहवाल वर गेला होता. आता गाजावाजा केला तर संस्थेची बदनामी. पुढच्या वर्षी पुन्हा वाचून घेता येईल, माइकसमोर वाचणाऱ्यांची निवड करायला समिती नेमावी लागेल. "तोवर थोडी गैरसोय होईल," त्या म्हणाल्या. परीक्षा सहा आठवड्यांवर आलेल्या बाईच्या नशिबी त्यांनी 'थोडी गैरसोय' लिहून टाकली. वर नवे पडदे मस्त हलत होते.

दुसऱ्या दिवशी मामानं जुनं देवघेवीचं रजिस्टर काढलं. दोनशे तेरा फिरत्या तबकड्या वाचकांनी कधी परतच केल्या नव्हत्या. या लोकांना मामानं वर्षानुवर्षं फोनवरून झोडपलं होतं, सभासदत्व रद्द करायच्या धमक्या दिल्या होत्या. आता उरलेले आवाज कुठं असतील तर त्यांच्याच घरी. मी चार दिवस रजा काढली आणि आम्ही दोघं दोन फोन घेऊन बसलो.

कोणी कबूलच होईना. मामाचा आवाज ऐकला की पलीकडचा माणूस आधीच बचावाला उभा. "मी केव्हाच परत केली! तुमचं रजिस्टर चुकीचं आहे!" आणि मामा, ज्यानं जन्मात कुणापुढं मान तुकवली नाही, तो म्हणत होता, "अहो, परत केली नसेल तर तुमचे उपकार होतील. ढापली असेल तर पाया पडतो तुमच्या." एका म्हाताऱ्या आजोबांना वाटलं ही नवी युक्ती आहे. त्यांनी शिव्या घालून फोन आपटला आणि दहा मिनिटांनी स्वतःच फोन करून म्हणाले, "तीन आहेत. दंड किती?" मामा म्हणाला, "दंड मी भरतो तुम्हाला." चार दिवसांत शहाण्णव तबकड्या आल्या. कुणाच्या उशीखालून, कुणाच्या कपाटाच्या तळातून. प्रत्येक तबकडी मामानं पुसली, बिनमध्ये उतरवली, शेजारी क्यूची चिठ्ठी ठेवली आणि या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. हार्ड डिस्क त्यानं स्वतः विकत आणली. दहावा अर्ज केला नाही.

कायद्याच्या पुस्तकाचा अख्खा संच मात्र एकाच माणसाकडे होता. खुर्च्या विणणारा एक गृहस्थ, तीन वर्षांपूर्वी याच परीक्षेला बसून नापास झालेला. तो फोन उचलेना, म्हणून आम्ही त्याच्या दुकानात गेलो. दाराशी वेताच्या भेंडोळ्या, आत एक अर्धी विणलेली खुर्ची. त्यानं मामाचा आवाज ओळखला आणि हात न थांबवता विणत राहिला.

"एकोणीस तबकड्या," मामा म्हणाला. "दंड नको, काही नको. फक्त पुढच्या तेरा द्या. एका बाईंची परीक्षा आहे."

"माझीही होती," तो म्हणाला. "नापास झालो तेव्हा पुन्हा बसायचं म्हणून ठेवून घेतल्या होत्या. मी महिनाभर मुदत मागितली होती, आठवतं? तुम्ही फोनवर काय म्हणालात तेही आठवत असेल."

त्यानं वेताची पुढची पट्टी उचलली.

"चोर म्हणालात. माझी आई शेजारी बसली होती, तिनं ऐकलं. त्या संध्याकाळी मी एकेक तबकडी गुडघ्यावर धरून मोडली. एकोणीसच्या एकोणीस." मग त्यानं वेत ओढून घट्ट केला. "सांभाळून जा. बाहेर पायरी आहे."

परतीच्या वाटेवर मी झटपटरावांना शिव्या देत होते, ग्रंथपालबाईंना देत होते. मामा एकदम थांबला आणि म्हणाला, "पुरे. एक प्रत त्यांनी कापली, दुसरी मी मोडायला लावली. आता दुकानातून ते कायद्याचं पुस्तक छापील घेऊन ये."

मामा कधी माइकसमोर बसला नव्हता. त्याचा आवाज खरखरीत, आणि वाक्य संपवताना तो भांडण संपवल्यासारखा संपवतो. ऑफिस सुटल्यावर पाच ते सात आम्ही त्या गाद्या ठोकलेल्या खोलीत बसायला लागलो. परवानगी मागितली नाही. किल्ली शिपायानं दिली आणि पाठ फिरवली. मामा वाचायचा, मी लाल बटण दाबायची आणि पानं मोजायची. पहिल्या दिवशी बटण दाबल्यावर तो धडा सुरू करायच्या आधी असं म्हणाला:

"तबकडी सात. हे पुस्तक पूर्वी एका शिक्षिकाबाईंनी आठ महिने खपून वाचलं होतं. त्यांचं वाचन माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं होतं. मी न ऐकता सही केली म्हणून ते नष्ट झालं. आता माझ्या आवाजात ऐकावं लागेल. पान दोनशे एकोणीस."

मी थांबवायला हात वर केला. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की हात खाली आला. आठव्या तबकडीच्या सुरुवातीलाही तेच. नवव्याही. कुणीतरी ग्रंथपालबाईंच्या कानावर घातलं. त्या खाली आल्या, हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "हे वाक्य काढा. संस्थेचं नाव जातं."

"तुम्ही ऐकलंत?" मामा म्हणाला. "चला, या इमारतीत कुणीतरी ऐकलं." वाक्य काढलं नाही.

नवं रजिस्टर मामानं स्वतः आखलं. त्यात एक जास्तीचा रकाना होता: ऐकणाऱ्याची सही. प्रत्येक तबकडी आधी वकीलबाईंकडे जायची. त्या पूर्ण ऐकायच्या, मग वाचनालयात येऊन पत्र्याची सहीपट्टी रजिस्टरवर ठेवून तिच्या खाचेत सही करायच्या. सही करताना चुकाही सांगायच्या. अकराव्या तबकडीत एक ओळ गाळली होती, चौदाव्यात 'वादी'च्या जागी 'प्रतिवादी' वाचलं होतं. मामा कुरकुरत पुन्हा वाचायचा. त्या शिक्षिकाबाईंबद्दलच्या वाक्याविषयी मात्र वकीलबाई एकदाही काही बोलल्या नाहीत.

शेवटची, एकोणिसावी तबकडी परीक्षेच्या नऊ दिवस आधी पूर्ण झाली. मामाचा घसा बसला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वकीलबाई आल्या, खुर्चीत बसल्या, सहीपट्टी हातात घेतली आणि तशीच धरून बसल्या.

"काय राहिलं?" मामा वैतागून म्हणाला. "कुठली ओळ?"

"सुरुवातीची. यात तुमचं ते वाक्य नाही."

"अहो, बारा तबकड्यांवर आहे. तुम्ही बारा वेळा ऐकलंय."

"मी ऐकलंय. उद्या कुणी ही एकच तबकडी घेऊन जाईल, त्याला कोण सांगणार?"

मामाच्या कपाळावरची शीर ताठ झाली. मला वाटलं आता फुटणार. तो टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभा राहिला. वकीलबाईंनी सहीपट्टी पर्समध्ये ठेवली, घडीची काठी उघडली नाही, बसूनच राहिल्या.

मग मामा पाण्याचा घोट घेऊन शेजारच्या खोलीत गेला आणि माइकसमोर बसला. दार उघडंच राहिलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, "दार लावा, इथला पंखा ऐकू येतो." मी दार लावलं आणि लाल बटण दाबलं.